पांढऱ्याचा परका शब्द

भाषेची शुद्धता मोजणाऱ्यांचा एक आवडता सिद्धांत आहे. यंत्रांची, कापडांची, पदार्थांची नावे बाहेरून येतात. पण हात, पाणी, पांढरा, काळा असे रोजचे शब्द भाषा कुणाकडून घेत नाही. लॅटिनच्या लेकींकडे पाहिले की हा सिद्धांत डळमळतो. पांढऱ्याला फ्रेंचमध्ये ‘ब्लां’, इटालियनमध्ये ‘बियांको’, स्पॅनिशमध्ये ‘ब्लांको’, पोर्तुगीजमध्ये ‘ब्रांको’ म्हणतात. चौघे सख्खे, पण मूळ लॅटिन नव्हे. ते जर्मानिक बोलींतल्या, ‘चकचकीत’ अशा अर्थाच्या, ‘ब्लांक’मध्ये आहे.

गरज होती म्हणून घेतला, असे म्हणावे तर लॅटिनकडे दोन शब्द होते: साध्या पांढऱ्याला ‘आल्बुस’, झळाळत्याला ‘कांदिदुस’. रोमन उमेदवार खडूने उजळवलेला झगा घालून मते मागत, त्यावरून ‘कँडिडेट’ आला. जाहीर सूचनांच्या पांढऱ्या फळ्यावरून ‘अल्बम’. मग जेत्यांनी लादला म्हणावे? फ्रँक आणि व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळ्या राज्यकर्त्या होत्या खऱ्या, पण कालांतराने त्यांनीच प्रजेची बोली उचलली. ज्यांची भाषा टिकली नाही, त्यांचा शब्द लोकांनी आपखुशीने ठेवून घेतला. करड्याचा ‘ग्री’ आणि तपकिरीचा ‘ब्रं’ हे फ्रेंच शब्दही जर्मानिकच. हे सगळे घोड्यांचे रंग, म्हणून घोडदळाबरोबर ते आले असावेत हा तर्क मला पटतो. आपला ‘अबलख’ घोडाही अरबी-फारसीतूनच आला आहे.

यावर कुणी रुमानियनकडे बोट दाखवील. तिने ‘आल्ब’ जपला, मग ती अधिक शुद्ध नव्हे का? पण याच रुमानियनने ‘प्रेम करणे’ आणि ‘होय’ हे शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतले. एकेका शब्दावरून कुळी ठरत नाही; ती ठरते शब्द वागवण्याच्या रीतीवरून. ‘ब्लांको’ स्पॅनिशमध्ये येताच नामाच्या लिंगाप्रमाणे ‘ब्लांका’ होऊ लागला. पोर्तुगीजने लॅटिन ‘ब्लांदुस’चा ‘ब्रांदो’ केला, त्याच नियमाने पाहुण्या शब्दाचा ‘ब्रांको’ केला. परक्याला आपले व्याकरण पाळायला लावणे हीच भाषेची खरी ताकद. म्हणून मराठीतले परके शब्द मोजत बसण्यापेक्षा, नवा शब्द आपले प्रत्यय आणि विभक्ती घेतो की आख्खे वाक्यच परक्या घडणीचे होते, हे आपण तपासावे. काळजी करायची ती यातल्या दुसऱ्या गोष्टीची.