वर्ग भांडारगृहात भरवा

कला-इतिहासात एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यापुढे निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सेलिनची बशी ठेवली, तर तो आधी तिच्यावरचे चित्र पाहतो. जाणकार ती उलटी करतो. बुडाच्या कड्याला झिलई नसते. तिथे उघडी माती दिसते, तिचा कस कळतो; बशी भट्टीत कशावर टेकली होती त्याच्या खुणाही तिथेच सापडतात. बुडावर सम्राटाच्या राजवटीची मुद्रा असली म्हणून काळ पक्का झाला, असेही नाही. कांगशी सम्राटाच्या अमदानीत, म्हणजे 1662 ते 1722 दरम्यान, घडलेल्या कितीतरी भांड्यांवर त्याआधी दोनशे वर्षे होऊन गेलेल्या चंगह्वा राजवटीची मुद्रा आहे. हेतू पूर्वसूरींना मान देण्याचा असो की गिऱ्हाईक खूश करण्याचा, नुसती मुद्रा वाचून तारीख लावणारा फसतो. हे सगळे पुस्तकांत छापलेले आहे. पण पुस्तकातली बशी उलटी करता येत नाही.

लंडनच्या 'सोआस'मधली आशियाई कलेची पदव्युत्तर पदविका नेमकी हीच गोष्ट धरून चालते. व्याख्यानाला जोडूनच ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांची दालने आणि राखीव संग्रह विद्यार्थ्यांना खुले होतात. फी आपल्याकडच्या प्राध्यापकाच्या मुलालाही झेपणारी नाही, आणि तो साठा तिथे कसा जमला हेही आपण जाणतो. ईस्ट इंडिया कंपनीचे इंडिया म्युझियम 1879 मध्ये मोडले आणि त्यातला मोठा ऐवज याच दोन संस्थांत वाटला गेला. तरी पद्धत घेण्याजोगी आहे.

त्या साठ्यातला एक भाग तर मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या हातचा आहे. 1872 ते 1885 या काळात जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. मेजर रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या नकला 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. या नव्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत सापडल्या. उरलेले कॅनव्हास आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. या नकलांवर एका विद्यार्थ्याचे एक सत्र सहज निघेल. गिलाव्यावरचे चित्र तैलरंगात उतरवताना काय बदलले? भिंत जिथे फुटली होती, तिथे नकलाकाराने जागा मोकळी सोडली की मनाने भरली? युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश शिकलेल्या हाताने बोधिसत्त्वाच्या गालावर किती सावली टाकली? ग्रिफिथ्स यांच्या 1896-97 च्या ग्रंथातले छाप, हे कॅनव्हास आणि आजची भिंत अशी तिन्ही शेजारी मांडली, म्हणजे अजिंठ्याविषयी आणि जे. जे. विषयीही अशा गोष्टी हाती लागतात, ज्या एकट्या भिंतीकडून कळत नाहीत.

लंडन परवडत नाही, ही सबब मात्र मुंबईत चालणार नाही. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळून शतक होत आले. त्यांत चीन-जपानच्या वस्तू आहेत, जेड आहे, पोर्सेलिन आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयातही चिनी-जपानी दालन आहे, आणि त्याच शहरातल्या विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. एवढे असून आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत आशियाई कला म्हणजे भारत, फार तर नेपाळ आणि तिबेट. चीन 'परका' म्हणून वगळायचा, तर पारशी गारा साडीवरच्या चिनी भरतकामाचे काय करणार? कँटनहून पश्चिम भारतात आलेली, काचेच्या मागल्या बाजूने रंगवलेली चित्रे कोणत्या प्रश्नपत्रिकेत बसवणार? हा आपल्याच किनाऱ्याचा इतिहास आहे.

अभिरक्षकांची अडचण आम्हांला ठाऊक आहे. माणसे कमी, जागा अपुरी, वस्तू फुटली तर चौकशी. कागदावरची चित्रे आणि वस्त्रे 50 लक्सपेक्षा जास्त उजेडात ठेवू नयेत, असा दंडक. पण पाहणे म्हणजे दर वेळी हाताळणे नव्हे. लघुचित्र अभिरक्षकाने स्वतःच्या हाताने उलटवून दाखवले तरी पुरे: मागचे शिक्के, किंमत, नोंद, चरब्यासाठी टोचलेली भोके. आणि हाताळायलाच द्यायचे तर खापरांपासून सुरुवात करा. फुटक्या तुकड्यात मातीचा आणि झिलईचा थर कडेने दिसतो, शाबूत भांड्यात तो झाकलेला असतो. विद्यार्थ्यासाठी खापर जास्त बोलके, आणि त्यावर चौकशीही बसत नाही.

वस्तूबरोबर नोंदवहीही दाखवायला हवी. वस्तू कुणाकडून आली, कधी, किती किमतीला, मधली कोणती वर्षे कोरी आहेत, हे वाचायला न शिकलेला पदवीधर उद्या एखाद्या संग्रहालयात खरेदी समितीवर बसणार आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने 2008 मध्ये बनावट कागदपत्रांवर विसंबून पन्नास लाख डॉलरना घेतला आणि 2014 मध्ये तो भारताला परत करावा लागला. मूर्ती अस्सल, कागद खोटे. शैलीचे कितीही बारकावे ठाऊक असले तरी इथे ते कामी आले नसते.

विभागप्रमुखांना म्हणून आमची विनंती आहे. लघुप्रबंधाचा विषय मान्य करताना विद्यार्थ्याला विचारा, यातली कोणती वस्तू तू प्रत्यक्ष पाहिली आहेस? उत्तर 'एकही नाही' असे आले, तर विषय परत पाठवा. आणि अभिरक्षकांनी आठवड्यातली एक दुपार अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. जी संग्रहालये येत्या शैक्षणिक वर्षात हे करायला तयार असतील, त्यांनी वार, वेळ आणि दाखवता येण्याजोग्या वस्तूंची यादी आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही दर अंकात विनामूल्य छापू.