बाथरूममध्ये चित्र लावा, पण पाण्यात टिकेल असं

बाथरूमच्या नळांवर आणि लाद्यांवर पैसे ओतताना आपण फारसे कचरत नाही. भिंतीवर रोज काय दिसणार हा निर्णय मात्र दुकानदारावर सोडून मोकळे होतो. तो ‘हायलायटर’ म्हणून तीन-चार लाद्या पुढे करतो: उड्या मारणारे डॉल्फिन, बांबूचं बन, गुळगुळीत गोटे. घरचे उभ्या उभ्या बघतात, ‘बरं दिसेल’ म्हणतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी त्या डॉल्फिनचं तोंड बघत दात घासतात.

माझं म्हणणं एवढंच: बाथरूममध्ये चित्र जरूर लावा. पण ते कशावर काढलंय आणि कशाने काढलंय हे आधी विचारा, कसं दिसतंय ते नंतर.

परदेशी मासिकांतली बाथरूम बघून फसू नका. तिथे काचेच्या पलीकडे शॉवर असतो आणि अलीकडची जमीन कोरडी असते. आपल्याकडे बादली, मग आणि अंगावर दणकून ओतलेलं पाणी. वर खराट्याने सगळी मोरी धुतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. गिझर चालू, खिडकी बंद, एक्झॉस्ट फॅन असलाच तर आवाज नको म्हणून बंद. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, तिथे चित्राचा कागद काय वाळणार? तो ओल पितो, फुगतो, त्याला लाटा येतात, मग तपकिरी ठिपके उमटतात. फ्रेमच्या काचेच्या आतून वाफेचे थेंब धरतात. फ्रेम एमडीएफची असेल तर खालचे कोपरे फुगतात, आणि खिळ्याचा गंज भिंतीवरून ओघळतो.

म्हणून अस्सल जलरंग, कागदावरची वारली, पिंगुळीची चित्रकथी यांतलं काहीही आत नेऊ नका. वारलीचा पारंपरिक पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ आणि डिंक. बुरशीला याहून चांगलं जेवण कुठलं? आजीच्या ट्रंकेत सापडलेलं रविवर्मा प्रेसचं जुनं चित्र वरून चकाकतं, म्हणून त्याला पाणी लागत नाही असं समजू नका. चकाकी व्हार्निशची असते, खाली कागदच असतो. अशी चित्रं बैठकीतल्या कोरड्या भिंतीवर राहू द्या.

मग लावायचं काय? उत्तर गोव्यात सापडतं. पणजीला गेलात तर इन्स्टिट्यूट मेनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जा. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या लाद्यांची मोठी चित्रं आहेत, कामॉइश या पोर्तुगीज महाकवीच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने ती १९३५ साली केली. जवळ जाऊन एकच लादी बघा. निळ्या रंगाचे फटकारे कुठे दाट, कुठे विरळ, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही कळतं. समुद्राजवळच्या गावची खारट, ओलसर हवा नव्वद वर्षं सोसून या लाद्या भिंतीवर उभ्या आहेत. कारण साधं आहे. या अझुलेजू लाद्यांचा रंग वरून फासलेला नसतो, तो काचेसारख्या झिलईवर काढून भट्टीत भाजलेला असतो. झिलई वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. फडक्याने पुसायला त्यावर वेगळा थर उरतच नाही.

गोव्यात आजही अशा हाताने रंगवलेल्या लाद्या मिळतात. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेषाचित्रांच्या लाद्याही मिळतात, आणि बाथरूमसाठी मला त्या फार योग्य वाटतात. त्यांच्या चित्रात बाजार, बस, लग्न, कोपऱ्यातला कुत्रा अशी इतकी माणसं-जनावरं दाटलेली असतात की रोज दोन मिनिटं बघूनही चित्र संपत नाही. इथे असंच काहीतरी हवं. ‘रिलॅक्स’ लिहिलेल्या पाट्या आणि सुविचार नकोत. ते चौथ्या दिवशी दिसेनासे होतात.

लादी घेताना मात्र एक प्रश्न विचाराच: “रंग भट्टीत भाजलाय का?” बाजारात साध्या लादीवर ॲक्रिलिक रंगाने काढलेली, वर लॅकर मारलेली चित्रंही मिळतात. दिसायला सुरेख, पण गरम पाण्याने पापुद्रे सुटतात. दुकानदार ‘हो हो’ म्हणाला तरी कापसाला थोडा नेलपॉलिश रिमूव्हर लावून लादीच्या कोपऱ्यावर घासू द्याल का, असं विचारा. भाजलेला रंग हलत नाही. कच्चा रंग कापसाला लागतो. घासूच देत नसेल तर काय ते समजा.

धातूचंही काम चांगलं दिसतं. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम केलेलं तांब्याचं ताट भिंतीवर लावलं तर सगळ्या खोलीला ऊब येते. पण तुमच्याकडे संडास-बाथरूम एकत्र असेल आणि दर रविवारी ॲसिड ओतून घासायची पद्धत असेल, तर तांबं-पितळ लावू नका. त्या ॲसिडच्या वाफेने तांबं हिरवं पडतं, आणि स्टीललाही डाग पडतात. एक तर ॲसिड सोडा, नाहीतर तांबं.

भाड्याचं घर असेल किंवा खर्च करायचा नसेल, तर फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डवर छापून घ्या. त्याला ओल लागत नाही, वजन नाही, आणि फुटलं तर अनवाणी पायात काच जात नाही. फक्त इंटरनेटवरून उचललेलं चित्र छापू नका. ओळखीत एखादा चित्रकार असतोच. त्याचं मूळ चित्र परवडत नसेल तर छापायची परवानगी पैसे देऊन घ्या.

देवाचं चित्र नको, महाराजांचं नको, हे कुणाला सांगायला नको. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवांच्या लाद्या लावणारे आपण, पण बाथरूमच्या बाबतीत मर्यादा पाळतो. घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटोही बाहेरच ठेवा.

जागा ठरवताना आंघोळीची भिंत आणि तिच्या शेजारची भिंत सोडा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे कमोडच्या समोरची भिंत. तिथे माणूस बसलेला असतो, म्हणून चित्राचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर घ्या. बैठकीतल्यासारखं वर टांगलंत तर मान दुखेल. फ्रेम लावायचीच असेल तर ॲल्युमिनियमची, काचेऐवजी ॲक्रिलिकची, आणि मागे रबराची छोटी बटणं लावून, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. ड्रिल करताना लादीवर चिकटपट्टी लावा, हॅमर बंद ठेवा, आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, कारण बहुतेक वेळा पाइप तिथूनच गेलेला असतो. आंघोळीनंतर पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा.

आणि ज्यांच्याकडे बाथरूमचं काम निघणार आहे त्यांना एक विनंती: चित्राच्या लाद्या मिस्त्री येण्याआधी घरात आणून ठेवा. १२ बाय २४ इंचांच्या एका लादीच्या जागी ६ इंची आठ चित्रलाद्या बसतात, पण सांध्यांचा हिशेब आधी धरावा लागतो. हाताने केलेल्या लाद्यांची जाडी शोरूमच्या लाद्यांशी जुळत नाही, म्हणून खालचा माल कमी-जास्त करावा लागतो. आधी जमिनीवर मांडून बघा, मागे खडूने क्रमांक घाला, आणि मिस्त्रीला तेवढी जागा रिकामी सोडायला सांगा. त्याच खेपेला दोन लाद्या जास्तीच्या बनवून घ्या आणि माळ्यावर ठेवून द्या. हाताने रंगवलेल्या लादीची हुबेहूब जोड पुन्हा मिळत नाही.