खर्रा तोंडात जाण्याआधी

रोजा ठेवून माणूस तेरा तास खर्ऱ्याशिवाय राहतो, मग उरलेले अकरा महिने त्याला का जमत नाही? दर रमजानमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि उत्तरही ठरलेलं असतं: नियत कच्ची, ईमान कमजोर. या उत्तराने आजवर कुणाचा खर्रा सुटलेला मी पाहिलेला नाही. प्रश्न मात्र फार चांगला आहे. त्याचं खरं उत्तर शोधायला हवं.

ते शोधायला आपल्याच शेजारच्या एका धर्माची मदत होते. कर्मठ ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी सिगारेट पेटवत नाहीत, कारण त्या दिवशी आग पेटवायला मनाई आहे. इस्रायलमधल्या रूवेन दार या मानसशास्त्रज्ञाने 2005 मध्ये अशा लोकांची तलफ मोजली. कामाच्या दिवशी जबरदस्तीने सिगारेट बंद केली की तलफ चढते, पण त्याच माणसांना शब्बाथला ती बरीच कमी जाणवते. पुढे त्यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास केला. लांबच्या उड्डाणात मध्यावर असलेल्यांपेक्षा छोट्या उड्डाणात उतरायच्या बेताला आलेल्यांची तलफ जास्त होती, जरी दोघांना सिगारेट सोडून जवळपास सारखेच तास झाले होते. म्हणजे घड्याळापेक्षा 'आता मिळणार' ही खूण मोठी. कोणताही रोजेदार हे ओळखेल. जोहरला डोकं शांत असतं आणि असरनंतर जीभ शोधायला लागते.

मेंदूत काय होतं ते वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांनी दाखवलं. 1990 च्या दशकातले हे प्रयोग. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी चमकायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी त्या दिव्यालाच चमकू लागल्या, प्रत्यक्ष रसाला नाही. दिवा लागला आणि रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं. ती खाली गेलेली अवस्था आपल्या बोलीत 'बेचैनी'. डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, पण केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1993 पासून मांडलेलं म्हणणं मला जास्त पटतं: ते हवंसं वाटण्याचं रसायन आहे, आवडण्याचं नव्हे. म्हणून खर्रा खाणारा 'आता मजा येत नाही यार' म्हणत म्हणत दुसरी पन्नी फोडतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

आता हे कन्हानवर ठेवून बघा. आपलं गाव कोळशाचं. भूमिगत खाणीत बिडी-माचीस नेता येत नाही. स्फोटाचा धोका असतो. तिथे उतरणाऱ्याला मग ओठाखाली दाबायचा तंबाखूच उरतो. बापाचा तंबाखू खाणीतून आला आणि पोराचा खर्रा चौकातून. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत बांधून पाटीवर तळहाताने घोटायचं. त्या घोटण्याचा आवाज, चुन्याचा वास, मित्राची पन्नी फोडायची लकब, शिफ्ट सुटल्याचा भोंगा, जेवणानंतर हात धुणं: शुल्ट्झच्या माकडांना एक दिवा होता, आपल्या पोरांना असे वीस दिवे आहेत. शिवाय तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ज्या कुलपांना लागतं, त्यातल्या काहींना सुपारीतलं अरेकोलिनही लागतं. एका पन्नीत दोन किल्ल्या.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूर काढणारे फक्त 3.8 टक्के, चघळणारे वगैरे 24.4 टक्के. धूर दिसतो, म्हणून आपण सिगारेटवाल्या पोराला झापतो. खर्रा दिसतो तो तोंड उघडेनासं झाल्यावर. गालाच्या आतली कातडी ताठ होते, तिखट सोसत नाही, पाणीपुरी तोंडात जात नाही. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, त्यातून कॅन्सर होऊ शकतो, आणि त्यामागे मुख्य हात सुपारीचा. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. 'मैं तो सिर्फ सादी सुपारी खाता हूं' म्हणणाऱ्या चाचांना हे कुणीतरी सांगा.

खरी गोष्ट सुरू होते सोडल्यानंतर. खर्रा असो, दारू असो की नागपुरातून येणारी एमडीची पुडी. पोरगा केंद्रात महिनाभर राहतो, वजन वाढतं, चेहरा उजळतो, अम्मी नियाज करते. मग तो घरी येतो, त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर, आणि काही दिवसांत पुन्हा सुरू. मोहल्ला म्हणतो, बेशरम आहे, पैसे पाण्यात गेले. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस यांनी 2008 मध्ये कोकेनच्या रुग्णांना कोकेनशी संबंधित चित्रं फक्त 33 मिलिसेकंद दाखवली. काही पाहिल्याचं त्यांना कळलंही नाही, तरी मेंदूचा हवंसंपणाचा भाग जागा झाला. ज्याला मोह झाल्याचंही कळत नाही, त्याला 'मनाला आवर' म्हणून काय मिळणार? उलट बाजूही बघा. व्हिएतनाम युद्धात हेरॉईनच्या पुरते आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा व्यसनी झाले. ली रॉबिन्स यांचा तो अभ्यास आजही चर्चेत आहे. तिथली छावणी, तिथले सोबती, तिथली स्वस्त पुडी, सगळं समुद्रापार राहिलं होतं. आपल्या पोराला समुद्र कुठून आणायचा?

इथे मला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. ती खुतब्यात फारशी ऐकू येत नाही. दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली हे सगळ्यांना माहीत आहे. पण अब्दुल कैस कबिल्याचे लोक आले तेव्हा पैगंबरांनी दारूसोबत काही भांडीही वापरायला मना केली: भोपळ्याचं तुंबं, हिरवा रांजण, डांबर लावलेलं भांडं, खोडात कोरलेलं भांडं. नंतर ही बंदी उठली. कोणतंही भांडं चालेल, नशा नको, असं सांगितल्याच्या हदीस आहेत. त्या भांड्यांत पेय लवकर आंबतं हे कारण दिलं जातं आणि ते बरोबर असेल. मला त्यात आणखी एक समज दिसते. ज्या हाताला त्या तुंब्याची सवय आहे, त्याच्यापुढून आधी तुंबं हलवा. सवय मोडली की तुंबं निरुपद्रवी होतं. आलिम मंडळींनी माझं वाचन खोडावं, वाद घालायला आवडेल. पण पन्नी आणि ठेला ही आपली भांडी आहेत हे तरी मान्य करा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मग काय सगळा दोष रसायनाचा, माणूस सुटला? नाही सुटला. त्याची जबाबदारी ठेल्यासमोर उभं राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. कामावरून कोणत्या रस्त्याने यायचं, कुणाच्या मोटारसायकलवर बसायचं, इफ्तारनंतरची पहिली पंधरा मिनिटं कुठे काढायची. हे निर्णय तो शुद्धीवर घेऊ शकतो, आणि तिथेच त्याला जाब विचारावा. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन 1800-11-2356 तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो. खर्ऱ्याच्या पन्नीवर ना तो नंबर असतो, ना सडलेल्या जबड्याचं चित्र. म्हणून इथे दिला.

बाकीची जबाबदारी आपली. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि सुगंधी तंबाखू, गुटखा, खर्रा यांवर राज्याची बंदी आहेच. तरी पन्नी घोटल्याचा आवाज शाळेच्या खिडकीतून ऐकू येतो. मशिदीबद्दल कायदा काही म्हणत नाही, ते काम आपल्या कमिटीचं. तरावीह सुटते तेव्हा फाटकाबाहेर सगळ्यात मोठी गर्दी कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठेलेवाला आपलाच भाऊ आहे, त्याच्या घरी चूल त्यावर पेटते, त्याला हाकलून लावा असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या रमजानला तीस दिवस त्याने त्या जागी शरबत, खजूर आणि चहा विकावा, कमी पडलेला गल्ला कमिटीने चंद्यातून भरून द्यावा, हे जमू शकतं. जनरेटर आणि लाइटिंगवर आपण खर्च करतोच. हिशेब शाबानमध्ये मांडावा लागेल, कारण चाँदरातीला ठेलेवाल्याचा माल भरून झालेला असतो.