औषधाची विद्या कोणाच्या कुलुपात?

भाताच्या खाचरात फवारावयाच्या विषाची बाटली घ्या. तिच्याबरोबरचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे, असा सरकारचा १९७१ सालचा नियम आहे. आता त्याच शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या गोळ्यांचे पाकीट घ्या. नाव इंग्रजीत, मात्रा इंग्रजीत, इशारा इंग्रजीत. कीड मारावयाची युक्ती मराठीत कळावी आणि माणूस जगवावयाची कळू नये, हा कोणता न्याय?

पूर्वी भिक्षुकशाहीने विद्या संस्कृताच्या कोठडीत कोंडली आणि कुणब्या-माळ्याच्या, सुतार-कुंभाराच्या घरी फक्त दक्षिणेचा हिशेब पाठविला. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला तो हीच मधली दलाली मोडण्यासाठी. आज कोठडी बदलली आहे, कुलूप तेच आहे. औषध आमच्या घरी येते, त्याची विद्या येत नाही. आणि ह्या अज्ञानाची किंमत पैशात नव्हे, माणसांत मोजावी लागते.

आमवाताचेच पाहा. हा साधा गुडघेदुखीचा रोग नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी राखण असते, तीच उलटते. दारी बांधलेला कुत्रा घरच्याच लेकराला चावू लागावा, तशी ती स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते. बोटे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. ह्या रोगावर मेथोट्रेक्झेट नावाचे स्वस्त व गुणकारी औषध आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे. तेच चुकून रोज घेतले तर तोंडाला फोड येतात, रक्त तयार होणे थांबते आणि माणूस दगावतो. जीव वाचविणारे शब्द दोनच, ‘आठवड्यातून एकदा’, आणि तेच नेमके चिठ्ठीवरच्या घाईच्या इंग्रजी अक्षरात बुडून जातात! ज्या घरी ही गोळी चालू आहे तेथील सुनेने किंवा लेकीने बाजाराचा वार ठरवून घ्यावा. त्या वारी गोळी, इतर वारी पाकीट फडताळात बंद. त्यासोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिलेली असते. तिचा वार निराळा असतो, तोही विचारून घ्यावा.

आता लावणीचे दिवस. नाणे मावळ असो, अंदर मावळ असो, पवन मावळ असो, पावसात वाकून वाकून बायांची कंबर मोडते. तशात कोणी पुडी देतो, कोणी सुई टोचतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी टुणकन उठून खाचरात उतरते. लोक म्हणतात, हाताला गुण आहे! बाबांनो, तो गुण हाताचा नव्हे, बहुतेक वेळा स्टेरॉइडचा असतो. हे औषध वाईट नाही. योग्य रोगात, योग्य मात्रेत ते प्राण वाचविते. पण ते शरीराची राखण झोपविते. ते महिनोन् महिने पोटात गेले तर चेहरा गरगरीत होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि छातीत दबून बसलेला क्षय डोके वर काढतो. शिवाय ते एकाएकी बंद केले तरी धोका, कारण तोवर शरीराने आपला स्वतःचा तसला रस करावयाचे सोडून दिलेले असते. ते डॉक्टराच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावे लागते. बिननावाच्या पुडीवर हे सारे कोण लिहिणार?

क्षयाची तर तऱ्हाच निराळी. साध्या क्षयाला सहा महिने औषध घ्यावे लागते. पहिल्याच आठवड्यात लघवी केशरी होते, घरचे घाबरतात, औषध उष्ण पडले म्हणून बंद करतात. तो रंग रिफाम्पिसिन ह्या औषधाचा आहे, रक्ताचा नव्हे; भ्यावयाचे कारण नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सतत ओकारी होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसरी फसगत दोन महिन्यांनी. खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि माणूस म्हणतो, आता बरा झालो. उरलेले जंतू तेवढ्यात शहाणे होतात आणि पुढे साधे औषध त्यांस लागू पडत नाही. एकविरेचा नवस फेडा, आमची ना नाही; पण गोळी चुकवून नको.

आणि अन्न! झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांस पोषक शिधा देऊन पाहिला. २०२३ साली त्याचा निकाल छापला गेला. त्या घरांत नवा क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. नोव्हेंबर २०२४ पासून सरकार रोग्यास आहारासाठी दरमहा एक हजार रुपये देते. ते रोग्याच्याच ताटात पडतात काय, हे ज्याच्या त्याच्या घराने पाहावे. पण जी सून रात्री उठून रोग्याला पाणी देते, त्याचे कपडे धुते, गोळी आठवणीने हातावर ठेवते, तीच सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते. पुढचा रोगी आपण आपल्या हाताने तयार करीत आहोत, दुसरे काय!

शुश्रूषेला बायकी काम म्हणून हिणविणाऱ्यांनी १८९७ चा प्लेग आठवावा. त्या रोगावर तेव्हा औषधच नव्हते. त्याला लागू पडणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. हाती काही नसता सावित्रीबाई डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोगी आणीत राहिल्या. मुंढव्याचे एक पोर त्यांनी पाठीवर वाहून आणले आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. महिनाभर आधी मुंबईत ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडेही प्लेगानेच गेले. त्यांच्याजवळ माया होती, औषध नव्हते. पुढे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघून १९५५ साली तेथे पेनिसिलिन होऊ लागले. लोणावळ्याहून लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर औषध आले. त्याची विद्या मात्र अजून गाडीत बसलेली नाही.

डॉक्टर म्हणतील, दारात रांग लागलेली असते, एकेकाला समजावीत कधी बसावे? तक्रार खरी आहे. म्हणूनच हे काम परिचारिकेचे, आशाताईचे मानले पाहिजे आणि त्यासाठी तिला वेळ व मोबदला मिळाला पाहिजे. कागद भरून घेण्यासाठीच तिला राबवू नये. लोणावळा, कामशेत, वडगाव येथील औषधविक्रेत्यांस आमचे सांगणे आहे की, पाकिटावर ठळक मराठीत लिहून द्या: कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस. त्याला दमडी लागत नाही. ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर ह्या औषधांचे मराठी कोष्टक लावून घ्या. चिखलात काम केल्यावर ताप आला तर ‘खाचरात उतरलो होतो’ असे डॉक्टरास आपण होऊन सांगा. उंदराच्या मुताने नासलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांवाटे लेप्टोचा जंतू शिरतो आणि लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी हटतो. आणि दुकानदार लिहून देण्यास कुरकुरला, तर पाकीट त्याच्या फळीवर ठेवून उभे राहा.