छापखान्यात अडलेलं पुस्तक

डोळ्यांनी छापील मजकूर वाचता येत नाही, अशा वाचकासाठी आपल्याकडे कायदा तोकडा नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये दुरुस्ती झाली आणि अशा वाचकासाठी ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल रूपातली प्रत नफा न घेता तयार करायला लेखक-प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. याच हेतूने 2013 साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच. 2016मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. तरीही नवी मराठी कादंबरी बाजारात आली की अंध वाचकाला ती कोणीतरी स्कॅन करून, तपासून देईपर्यंत ताटकळावं लागतं. माझ्या मते याचं मोठं कारण छपाईच्या फायलीत दडलेलं आहे.

आज लेखक बहुधा युनिकोडमध्ये टंकलेखन करतो. स्क्रीन रीडर हे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तो मजकूर सहज वाचतं. पण पानं लावताना अनेक ठिकाणी तोच मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बदलला जातो. अशा एका फाँटमध्ये पडद्यावर ‘हार’ दिसतो, पण फायलीत साठवलेली असतात एच, एम, ए ही रोमन अक्षरं. डोळस माणसाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र तीच अक्षरं बडबडत सुटतो. मग स्वयंसेवक छापील पुस्तक आणतात, पान न् पान स्कॅन करतात. संगणक ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ समजतो, रफार गाळतो, तळटीप मधल्याच ओळीत घुसवतो, आणि ते निस्तरण्यात आठवडे जातात. जो मजकूर लेखकाकडून धड आला होता, तो आपणच मोडायचा आणि दुसऱ्या कोणी तो फुकट जोडून द्यायचा, हा अन्याय मला सहन होत नाही.

फाइल द्यायची म्हटलं की प्रकाशकांना चोरीची भीती वाटते आणि ती खोटी नाही. पण खपणाऱ्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती छापील पानांचे फोटो काढूनही बनतात. फाइल अडवून तो चोर थांबत नाही. अडतो तो अंध वाचक, कारण फोटोतला मजकूर स्क्रीन रीडरला थेट वाचता येत नाही. ‘ऑडिओबुक आहेत की,’ असंही म्हटलं जातं. ती हवीतच, पण ध्वनिमुद्रण होतं ते मुख्यतः लोकप्रिय पुस्तकांचं. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला हवा तो शब्द शोधता यायला हवा, एखाद्या नावाचं शुद्धलेखन तपासता यायला हवं, तिसऱ्या प्रकरणावर थेट जाता यायला हवं. राहिला असे वाचक किती, हा संख्येचा मुद्दा. 2011च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती देशभरात 50 लाखांवर होत्या. डिस्लेक्सियाची मुलं आणि हातात पुस्तक धरता न येणारी माणसं यात धरलेलीच नाहीत.

खर्चाचा आक्षेप जुन्या पुस्तकांपुरता खरा आहे. खिळ्यांवर छापलेल्या ग्रंथांची फाइलच नसते. तिथे सरकारनेच पैसा घालायला हवा आणि सुरुवात अभ्यासक्रमातल्या पुस्तकांपासून व्हावी. नव्या पुस्तकाला हे कारण लागू नाही. पानं युनिकोडमध्ये लावली आणि शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण केली, की त्याच फायलीतून ईपब, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणारं ई-पुस्तक, निघतं. ज्या पुस्तकाला सरकारी अनुदान मिळतं किंवा जे सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सरकारी पैशातून घेतलं जातं, त्याच्या प्रकाशकाने ही फाइल ‘सुगम्य पुस्तकालया’कडे जमा करावी, एवढी अट राज्य सरकारने घालावी. बिल मंजूर होण्याआधी.