जिंकणें आणि मापांत उतरणें

आमच्या ठाणें-कल्याणच्या बाजूस पाऊस हा मैदानी खेळांचा पहिला वैरी होय. जून उजाडला कीं मैदानांचीं तळीं होतात, सामने पुढें ढकलले जातात, आणि मुलें शाळेच्या ओसरींत उभीं राहून आकाशाकडे पाहूं लागतात. "आजचा सामना उद्यां" ही सूचना फळ्यावर लागली कीं किती तोंडें उतरतात, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. अशाच एका पावसानें लांबलेल्या शर्यतीची हकीकत आज सांगावयाची आहे. ती घडली दूर अमेरिकेंत. परंतु तिचा निकाल ज्या रीतीनें लागला, त्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांनीं विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.

ही शर्यत मालमोटारींची होती. शिळफाट्याच्या रस्त्यावर किंवा भिवंडीच्या बाजूस ओझ्यानें वाकलेल्या मालमोटारींची रांग जे रोज पाहतात, त्यांस मालमोटारींची शर्यत म्हटलें कीं हंसूं यावें हें साहजिक आहे. तथापि आपल्याच देशांत, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें, २०१४ सालीं टाटा कंपनीनें अवजड मालमोटारींची शर्यत भरविली होती. अमेरिकेंत जी शर्यत होते ती अशा अवजड गाड्यांची नसून मागें उघडा हौदा असलेल्या लहान मालमोटारींची असते, आणि तिची मालिका १९९५ सालापासून चालत आलेली आहे. गाडी जशी दुकानांत विकावयास ठेवतात तशीच मैदानांत आणावयाची, ही या जातीच्या शर्यतींची मूळ कल्पना. आतां हें साम्य केवळ बाह्य रूपापुरतें उरलें असून गाड्या मुद्दाम शर्यतीसाठींच बांधतात. म्हणूनच त्यांची उंची, वजन व आकार यांविषयीं बारीक नियम करावे लागले. कारण तसें न केल्यास ज्याची थैली मोठी त्याचीच गाडी पुढें जावयाची.

शनिवार, ता. १५ जून २०१९ रोजीं आयोवा राज्यांतील न्यूटन या गांवीं ही शर्यत व्हावयाची होती. पाऊस आला आणि ती दुसऱ्या दिवशींवर गेली. रविवारीं शर्यत झाली. मार्ग पाऊण मैलाहून थोडा अधिक लांबीचा. त्याच्या २०० फेऱ्या, म्हणजे सुमारें २८० किलोमीटर. फ्लॉरिडा राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडें पिकविणाऱ्या शेतकरी घराण्यांतील रॉस चॅस्टेन हा तरुण २०० पैकीं १४१ फेऱ्या सर्वांच्या पुढें होता, आणि शेवटची रेषाही त्यानेंच प्रथम ओलांडली. दुसरा आला ब्रेट मॉफिट. हा त्याच आयोवा राज्यांतील ग्राइम्स गांवचा, आणि आदल्या वर्षीचा मालिकाविजेता.

नंतर गाड्या तपासणीस गेल्या. चॅस्टेनच्या गाडीचा पुढील भाग ठरलेल्या किमान उंचीपेक्षां खालीं भरला. ही बाब वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. पुढचा भाग जितका जमिनीलगत, तितकी गाडीखालून जाणारी हवा कमी. आणि हवा कमी गेली कीं चाकें जमिनीस अधिक घट्ट धरतात व वळणावर वेग राखतां येतो. पंचांनीं त्याच दिवशीं निकाल फिरविला. चॅस्टेन पहिल्या क्रमांकावरून अगदीं शेवटीं गेला आणि मॉफिट विजेता ठरला. त्या शर्यतीस जोडलेलें ५०,००० डॉलरांचें विशेष पारितोषिकही मॉफिटकडे गेलें.

या निकालानें अनेकांस धक्का बसला, त्याचें एक कारण होतें. त्यापूर्वीं अनेक वर्षें तेथील रिवाज असा कीं, विजेत्याच्या गाडींत दोष सांपडला तर कांहीं दिवसांनीं दंड करावा, गुण कापावे, पण विजय मात्र त्याच्याकडेच राहूं द्यावा. प्रेक्षक ज्यास जिंकतांना पाहून घरीं गेले, त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं बदलूं नये, असा त्यामागील विचार. २०१९ च्या आरंभीं हा रिवाज मोडून नवा नियम करण्यांत आला कीं, जो मापांत उतरणार नाहीं त्याचा विजय त्याच दिवशीं रद्द. त्या नियमाखालीं विजय गमावणारा चॅस्टेन हा पहिला. पुढें ता. २४ जुलै २०२२ रोजीं पोकोनो येथील मोटारींच्या शर्यतींत पहिले दोन्ही क्रमांक याच नियमानें रद्द झाले, व तिसरा आलेला चेस एलियट विजेता ठरला. त्या दोघांत डेनी हॅमलिन व काइल बुश यांच्यासारखे नामांकित स्पर्धक होते. तरी नियम वाकला नाहीं.

येथें आमचे कांहीं वाचक विचारतील, "यांत न्याय कोठें राहिला? १४१ फेऱ्या तो पुढें होता हें तर खोटें नाहीं! कदाचित्‌ त्याच्या मनांत कपटही नसेल." चॅस्टेनच्या संघाचें म्हणणें हेंच होतें कीं, शर्यतींत गाडीस किरकोळ इजा झाल्यामुळें उंची कमी भरली. संघानें रीतसर अपील केलें आणि तें फेटाळलें गेलें. त्यांच्या मनांत काय होतें याचा निवाडा करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु आक्षेप विचारार्ह आहे, कारण असाच प्रसंग आपल्या देशाच्याही वांट्यास आला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें विनेश फोगाट हिनें ५० किलो गटांत एका दिवसांत तीन कुस्त्या जिंकल्या. त्यांत जपानच्या युई सुसाकीसारखी मल्लही होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, ७ ऑगस्टला, तिचें वजन १०० ग्रॅम अधिक भरलें आणि ती स्पर्धेंतून बाद झाली. सारा देश हळहळला. तिचा दावाही क्रीडा लवादानें पुढें अमान्य केला. तिनें कोणास फसविलें असें कोणीही म्हटलें नाहीं.

तरीही आमचें मत असें आहे कीं, दोन्ही ठिकाणीं नियम पाळला गेला हेंच योग्य झालें. माप मनांतील हेतु वाचूं शकत नाहीं, आणि तें त्याचें कामही नव्हे. वजनकांट्यावर उभ्या राहिलेल्या मालमोटारीचा चालक "थोडेंच जास्त आहे" असें म्हणाला, म्हणून कांट्याचा आंकडा खालीं येत नाहीं. एकास शंभर ग्रॅम सोडले, तर दुसऱ्यास दोनशें कां सोडूं नयेत? आणि जी रात्रभर उपाशी राहून पन्नासांत उतरली, तिनें कोणाकडे दाद मागावी? विजेत्यावर दया करतांना आपणांस विजेता दिसत असतो. नियमांत राहून मागें पडलेला मात्र दिसत नाहीं. मॉफिटला मिळालेला विजय हें पंचांनीं केलेलें दान नव्हे. मापांत उतरलेल्या गाड्यांमध्यें तो खरोखरच पहिला होता.

मात्र नियम करणारांवरही मोठी जबाबदारी आहे, आणि हें आम्ही शिक्षकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. माप आधीं जाहीर झालेलें असावें. तें सर्वांस सारखें असावें. निकाल विनाविलंब लागावा. आणि ज्याच्याविरुद्ध लागला त्यास दाद मागण्यास जागा असावी. आयोवांत या चारही गोष्टी होत्या. आमच्या शाळांत त्या नेहमीं असतात काय? परीक्षेंत एका मुलाजवळ चिठ्ठी सांपडली तर त्यास वर्गाबाहेर काढावयाचें, आणि दुसरा देणगीदाराचा मुलगा म्हणून समज देऊन सोडावयाचें, असें जेथें घडत असेल तेथें नियमाची सक्ती बोलून दाखविण्याचा अधिकार उरत नाहीं.

आतां पालकांस दोन शब्द. विज्ञान प्रदर्शन जवळ आलें कीं बाजारांत तयार प्रतिकृति विकत मिळतात. ज्या घरीं तेवढी ऐपत नाहीं तेथें वडील रात्रभर जागून मुलाचें काम स्वतः करितात. हेतु प्रेमाचाच असतो. पण शेजारच्या बांकावरील ज्या मुलीनें पुठ्ठे कापून, बोटांस डिंक फासून आपली ओबडधोबड पाणचक्की स्वतः उभी केली, तिच्या पुढें आपण आपल्या मुलास कोणत्या मापानें नेऊन बसविलें, याचा विचार व्हावा. मुलास त्या दिवशीं ढाल मिळते; परंतु आपली शक्ति किती हें त्याला कळत नाहीं, आणि तें कळूं न देणें हें मोठें नुकसान होय. दहावीच्या परीक्षेंत खिडकीतून उत्तरें पुरविणारे हात हे याच सवयीचें पुढचें पाऊल आहे.

या हकीकतीचा उत्तरार्ध सांगितल्यावांचून ती पुरी होत नाहीं. निकाल फिरल्यावर चॅस्टेन घरीं जाऊन बसला नाहीं. अपील फेटाळलें गेलें तो दिवस १९ जूनचा. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनीं, २२ जूनला, इलिनॉय राज्यांतील गेटवे येथें पुढची शर्यत झाली. ती त्यानें जिंकली, आणि या वेळीं त्याची गाडी तपासणींत पुरी उतरली. जिंकल्यावर कलिंगड आपटून फोडण्याची त्याची रीत आहे. त्या दिवशींच्या कलिंगडाची गोडी कांहीं वेगळीच असली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, हें नीट लक्षांत ठेवा. आयोवांत रद्द झाला तो एक निकाल. चॅस्टेन हा माणूस रद्द झाला नव्हता, आणि त्यास ही गोष्ट समजली म्हणूनच तो सहा दिवसांत पुन्हा उभा राहिला. तुमचा पेपर कधीं परत येईल, तुमचें नांव कधीं यादींतून गळेल, तुमच्या हातांतील ढाल कधीं दुसऱ्याकडे जाईल. दाद मागण्याजोगें असेल तर अवश्य मागा. आणि ती फेटाळली गेली तर पुढच्या शर्यतीची तयारी करा. ज्यांच्या घरीं अशा दिवशीं मूल मान खालीं घालून येईल, त्या आईबापांनीं त्या सायंकाळीं त्याच्याशीं शेजारच्या मुलांच्या गुणांविषयीं न बोलतां, त्यास जवळ बसवून जेवूं घालावें. चूक काय झाली हें विचारण्यास दुसरा दिवस पुष्कळ मोठा असतो.