कांचेवरील पाऊस आणि वायपराचा रुसवा

गेल्या महिन्यांत सातारा जिल्ह्यांतील एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या वडिलांची १९६० सालची मॉरिस मायनर मोटार वडिलांच्या पश्चात् त्यांजकडे आली आहे. नवा रंग देऊन व जुन्या तारा बदलून ती परत आल्यापासून तिच्या वायपरास एक खोड लागली आहे. बटण बंद करतांच तो जेथें असेल तेथेंच, बहुधा कांचेच्या अगदीं मध्यावर, उभा राहतो. कारागीर म्हणतो, मोटर गेली, नवी बसवा. घरांतील मंडळी म्हणतात, पावसाळ्यापूर्वीं गाडीच विकून टाका. 'वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली वस्तु. दोहोंपैकीं काय करावें?' असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्या मतें दोहोंपैकीं कांहींच करूं नये. आधीं एक लहानसा दिवा व दोन हात तार घेऊन पांच मिनिटें गाडीपाशीं बसावें.

वायपर या शब्दाबद्दल क्षमा असावी. आम्हीं एकदां 'कांचमार्जनी' असा शब्द योजून पाहिला होता. परंतु तो ऐकून गॅरेजमधील पोऱ्यानें आमच्यापुढें केरसुणी आणून ठेविली. तेव्हांपासून रूढ शब्दच बरा असें आम्ही मानतों.

हें साधन एका स्त्रीच्या कल्पनेंतून निघालें, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास आवडेल. अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंनीं १९०३ सालीं हातानें फिरवावयाच्या वायपराचें पेटंट मिळविलें. पुढें एंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारे वायपर आले. पण चढावर एंजिनावर भार पडला कीं ती शक्ति क्षीण होई व वायपर मंदावे, म्हणजे घाटांत नेमक्या गरजेच्या वेळीं तो मान टाकी. विजेच्या मोटरीनें ही अडचण दूर केली. मॉरिस मायनर १९४८ सालीं विलायतेंत प्रथम लोकांपुढें आली व १९७१ पर्यंत निघत राहिली. तिच्या पुष्कळ गाड्यांवर लूकस कंपनीची एकाच वेगाची मोटर असे. भगिनींच्या गाडींतही तीच असावी, असें त्यांच्या वर्णनावरून दिसतें.

आतां तिच्या तारांची रचना पाहूं, कारण सगळी मौज तिच्यांत आहे. आपल्या घरांतील दिव्याचें बटण वीज येणाऱ्या तारेवर असतें. या वायपराचें तसें नाहीं. किल्ली फिरवितांच फ्यूजमधून निघालेली हिरवी तार मोटरीपर्यंत वीज आणून उभी करते, मग बटण चालू असो वा बंद असो. मोटरींतून परत जाणारी वाट, म्हणजे हिरव्या रेघेची काळी तार, बटणाकडे जाते आणि बटण तिला गाडीच्या सांगाड्याशीं जोडतें. यासच कारागीर 'अर्थ' म्हणतात. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेल्या आमच्यासारख्यास 'साहेब, याला अर्थच नाहीं' हें त्यांचें वाक्य प्रथम ऐकतांना मोठी गंमत वाटली.

याशिवाय मोटरीच्या पोटांत एक दुसरें, गुप्त बटण असतें. त्यास मोटरीवरील साधी काळी तार अर्थ पुरविते. वायपर कांचेच्या कडेशीं आपल्या विश्रांतिस्थानीं आला कीं तें उघडतें; एरव्हीं तें मिटलेलेंच असतें. म्हणून आपण बटण बंद केलें तरी वीज या दुसऱ्या वाटेनें वाहत राहते, व वायपर स्वतः खालीं जाऊन निजतो.

हें ध्यानांत आलें म्हणजे भगिनींच्या गाडीचा रोग ओळखणें कठीण नाहीं. किल्ली चालू व वायपराचें बटण बंद ठेवून मोटरीचें हिरवें टोक आणि सांगाड्याचा उघडा धातु यांमध्यें बारा व्होल्टचा दिवा धरावा. दिवा लागला नाहीं, तर कारागिरानें घरच्या दिव्याप्रमाणें बटण हिरव्या तारेवर बसविलें आहे व परतीची तार सरळ सांगाड्यास बांधली आहे असें समजावें; मग बटण बंद होतांच दोन्ही वाटा एकदमच बंद होणार. दिवा लागला, तर मोटरीची साधी काळी तार तपासावी; ती तुटली वा रंगावर बसली असली तरी लक्षण हेंच दिसतें. तीही नीट असेल, तरच मोटर उघडून आंतील बटण पाहावें. नवी मोटर घेण्याचा विचार त्यानंतरचा.

हें आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाहीं. २०१८ सालच्या श्रावणांत आमच्या भाच्याच्या अशाच गाडीनें आम्ही कराडहून चिपळुणास निघालों होतों. मागें भाच्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, बसली होती. कुंभार्ली घाट उतरतांना धुकें दाटलें, पाऊस कोसळूं लागला, आणि बटण चालू असतांनाच वायपर शांतपणें खालीं जाऊन निजला. पुढचें कांहीं दिसेना. भाच्यानें गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूस घेतली. तेवढ्यांत समोरून एस. टी. आली आणि इतकी जवळून गेली कीं, तिचे दिवे दिसण्यापूर्वीं तिचा आवाज आम्हांस ऐकूं आला. बहीण रामरक्षा म्हणूं लागली.

"मामा, फ्यूज गेला असेल," भाचा म्हणाला. खरें सांगावयाचें तर आम्हीही प्रथम फ्यूजच काढून पाहिला आणि दहा मिनिटें वायां घालविलीं. पेट्रोलाचा कांटा वर होता. त्याची वीजही त्याच फ्यूजमधून येते, हें तेव्हां सुचलें नाहीं. मग एकाएकीं डोक्यांत प्रकाश पडला. "अरे, फ्यूज वा मोटर गेली असती तर तो मध्येंच थांबला असता! हा तर आपल्या जागीं जाऊन निजला आहे." म्हणजे वीज येत होती, मोटर धड होती, आंतील गुप्त बटणही धड होतें, तुटला होता तो केवळ वरच्या बटणाचा अर्थ. पेटींतील तारेचें एक टोक बटणाच्या त्या टोकाशीं व दुसरें एका उघड्या स्क्रूशीं धरतांच वायपर चालूं लागला. तार तशीच पिळून बांधली आणि त्या तारेवर चिपळूण गांठलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों अर्थच्या तारेची कडी नव्या रंगाच्या थरावर बसविलेली! रंगांतून वीज जात नाहीं. स्क्रूच्या आंट्यांतून ती कशीबशी जात होती, तीही घाटाच्या हादऱ्यांनीं सुटली. कडीखालील रंग खरवडून ती घट्ट बसविल्यावर तक्रार राहिली नाहीं.

वायपर चालतो पण मंद चालतो, अशा वेळीं मात्र दिव्यावर विसंबूं नये. ही मोटर सुमारें तीन अँपिअर वीज घेते. एखाद्या गंजलेल्या जोडांत अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो. पांच वॉटच्या दिव्यास जेमतेम चार दशांश अँपिअर लागतो, म्हणून तो त्याच जोडावर झगझगीत लागतो व आपणांस फसवितो. याकरितां वायपर चालू ठेवून, बॅटरीचें सांगाड्यास जोडलेलें टोक आणि मोटरीची परतीची तार यांमध्यें व्होल्टमापक लावावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास त्या वाटेंत दोष आहे. मात्र या गाड्यांत मुळांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे, हें विसरूं नये. एलईडीची परीक्षक लेखणी उलटी धरल्यास लागतच नाहीं, आणि चांगल्या तारेवर उगाच आळ येतो. पुढें कोणीं बॅटरीचीं टोकें उलटलीं असलीं तरी ही मोटर उलट फिरत नाहीं. तिच्यांत चुंबकाऐवजीं तारेचीं वेटोळीं आहेत, व दोहोंकडील प्रवाह एकदमच उलटतो.

तारा निर्दोष असूनही वायपर मंद असेल, तर पातीं कांचेवरून उचलून तो चालवून पाहावा. पूर्वीप्रमाणेंच कण्हत असेल, तर नळींतून मागें-पुढें सरकणाऱ्या दांत्यांच्या तारेंतील ग्रीस वाळलें आहे काय तें पाहावें. भुजा व पातीं काढून, मोटरीपासून सोडविलेली ती तार ताणकांट्यानें ओढली असतां सहा पौंडांहून अधिक जोर लागूं नये. कोरड्या कांचेवर वायपर चालवूं नये, हें निराळें सांगावयास नको. तरी आमचा भाचा पाहुण्यांस दाखविण्यासाठीं तें नेहमीं करतो.

हा मजकूर लिहून होतो न होतो तों भगिनींचें दुसरें पत्र आलें. आम्हीं पाठविलेल्या त्रोटक उत्तरावरून त्यांनीं स्वतः दिवा धरून पाहिला. तो लागला नाहीं. कारागिरानें प्रथम कुरकुर केली, पण तारा बदलून दिल्या व पैसे घेतले नाहींत. आतां वायपर खालीं जाऊन निजतो. मात्र डावें पातें उजव्याहून बोटभर वर राहतें, त्यास काय करावें, असें त्या विचारतात. त्यास मोटर उघडावयास नको. त्या बाजूची भुजा तिच्या दांतेरी खुंटीवरून हलकेच उपसून एक दांता खालीं बसवावी.